हरवलेला माणूस शोधण्याचा सराव

तोरणमाळ,
मंगळवार, २ मे २०२३

प्रिय फ्लोरा आत्या,

शालोम. पोहोचलो. शहादा सोडल्यावर घाटात इलान वगळता सगळ्या गटप्रमुखांना उलट्या झाल्या, आणि तेवढ्यावर इलानने स्वतःला पुढारी ठरवून टाकलंय. तुझा पाय कसा आहे? प्लास्टरमध्ये खाज सुटली तर विणायची सुई आत घालायची नाही, असं बाबांनी मुद्दाम लिहायला सांगितलंय.

जागा छान आहे. इतकी वर्षं अलिबागला समुद्राकाठी शिबिर घेतलंस, आता एकदम सातपुड्याचा डोंगर तुला चालेल का, अशी मला धाकधूक होती. पण इथे तलाव आहे, आंब्याखाली खेळायला मोकळी जागा आहे आणि मे महिन्यात पहाटे पांघरूण लागतं. मुलं १४ तारखेला येतील. तोवर गटप्रमुखांचं प्रशिक्षण.

तुझ्या नियमाप्रमाणे सगळ्यांचे मोबाईल पेटीत टाकून कुलूप लावलं. खरं तर इथे रेंजच नाही, पण नियम पाळल्याचं समाधान मिळालं. पत्रांची सोय झाली आहे. आमचा जीपवाला भूपेंद्र रोज भाजीसाठी शहाद्याला उतरतो, आणि तिथून रात्री ठाण्याला निघणाऱ्या ट्रॅव्हल्सवर त्याचा मेहुणा ड्रायव्हर आहे.

स्वयंपाकाला प्रकाश्याच्या निर्मलाबाई आहेत. मटण आणि दूध एकत्र येऊ द्यायचं नाही, भांडीसुद्धा वेगळी, असं मी त्यांना बराच वेळ समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “आम्ही मटन करतसच नही. मंग वांधा काय शे?” काशेर नियमांचा विषय तिथेच संपला. वांग्याचं भरीत मात्र असं करतात की इलानही जेवताना गप्प असतो.

एक गोष्ट तुला सांगू की नको, असं चाललं होतं. आपल्या ट्रस्टच्या बेंजामिन काकांनी नुसतं नाव ऐकून जिला गटप्रमुख नेमलं, ती रिबेका आपल्या ज्यू समाजातली नाही. रिबेका गावित, नवापूरकडची, ख्रिस्ती. पहिल्याच संध्याकाळी इलानने तिला विचारलं की तुमचं सिनेगॉग कुठलं. ती म्हणाली, “आमचं चर्च आहे. पुस्तक तुमचंच वाचतो, फक्त आम्ही थोडं पुढपर्यंत वाचतो.” समाजकार्य शिकली आहे, मुलींच्या वसतिगृहात दोन वर्षं काम केलंय, आणि तोंडाला अजिबात दार नाही. मला ती फार आवडली. ठेवून घेतली आहे. काकांना कळवलेलं नाही.

तुझी,
अबिगेल

—

ठाणे,
शुक्रवार, ५ मे, शब्बाथचे दिवे लावण्याच्या आत

अबिगेल,

पत्र मिळालं. भरीत, पांघरूण, घाट, सगळं आलं. शिबिराला मान्यता द्यायला पुण्याच्या मंडळाचा परीक्षक येणार आहे, त्याच्याबद्दल एक ओळ नाही. म्हणजे तू त्याला घाबरली आहेस.

रिबेकाचं मला पहिल्यापासून माहीत आहे. तिने फोनवर मला स्वतः सांगितलं होतं. बेंजामिनने विचारलं नाही, म्हणून मी बोलले नाही. तू ज्याला लपवणं म्हणतेस त्याला मी शांतता राखणं म्हणते.

आता कामाचं. बेंजामिन वाईट माणूस नाही, पण त्याचं म्हणणं त्याने ट्रस्टच्या बैठकीत सरळ मांडलंय. यंदा मान्यता मिळाली नाही तर पुढच्या वर्षीपासून शिबिर बंद. आईबापांना आता नुसत्या फ्लोराबाईंचा भरवसा पुरत नाही, मंडळाचा शिक्का लागतो. त्यांचंही चूक नाही. पण आपली मुलं किती उरली आहेत ते तू पाहतेस. पुण्याचं एक, पेणची दोन, ठाण्यातल्या या टोकाची त्या टोकाच्यांना ओळखत नाहीत. वर्षातून एकदा ती एका पंगतीला बसतात, एकत्र शुक्रवारची गाणी म्हणतात, आणि त्यांना कळतं की आपल्यासारखे आणखी आहेत. शिबिर गेलं की हे गेलं. मी प्लास्टर घालून गच्चीकडे बघत बसले आहे, तेव्हा हे तुझ्या गळ्यात आहे.

परीक्षकाची खुशामत करू नकोस. त्याच्यासमोर हरवलेला माणूस शोधण्याचा सराव करावाच लागेल. त्यासाठी मोठं माणूस लपव, ज्याच्या नसण्याने कुणाचं अडणार नाही असं. इलान नको. तो लपल्या जागेवरून सूचना देईल.

शब्बाथ शालोम.
आत्या

—

तोरणमाळ,
मंगळवार, ९ मे

प्रिय आत्या,

मी घाबरलेली नव्हते. आता आहे.

काल परीक्षक आले. श्री. हेमकांत बोरसे, पुण्याच्या मान्यता मंडळाचे. मूळचे इकडच्याच धानोऱ्याचे, त्यामुळे जीपमधून उतरायच्या आत त्यांनी भूपेंद्रला सांगून टाकलं की तोरणमाळचा दगड न् दगड आपल्या ओळखीचा आहे. गळ्यात शिट्टी असते. जेवतानाही काढत नाहीत.

त्यांनी सगळं तपासलं. औषधांची पेटी पास. पाण्याची टाकी पास. आग विझवायची वाळूची बादली उचलायला गेले तर तिच्यात मांजर व्यालेली. रिबेका म्हणाली, “साहेब, आग लागली तर आधी पिल्लं हलवायची असं ठरलंय.” साहेब हसले नाहीत. काहीतरी लिहून घेतलं.

मग नेतृत्वाचा वर्ग घेतला. प्रत्येकाला विचारलं, पुढाऱ्याचं पहिलं काम कोणतं. इलान उभा राहिला आणि दूरदृष्टी, शिस्त, आवाज असं बरंच बोलला. साहेबांनी मान डोलावली. रिबेका म्हणाली, कोण जेवलं नाही ते बघणं. साहेबांनी तिच्या नावापुढे ‘गांभीर्य कमी’ लिहिलं. मोठ्याने म्हणत लिहितात, म्हणून कळलं.

सरावाबाबत मी तुझा सल्ला मानला. मोठं माणूस लपवू या म्हटलं. साहेबांना ते इतकं पटलं की म्हणाले, मग मीच हरवतो. कमळ तलावापलीकडे एक पडका चौथरा आहे, त्याच्या मागे बसायचं ठरलंय. हे फक्त त्यांना आणि मला माहीत आहे. आज चहाच्या आधी साहेब हरवतील आणि चहाबरोबर सापडतील.

भूपेंद्र हॉर्न वाजवतोय. काळजीचं काही कारण नाही.

अबिगेल

—

ठाणे,
बुधवार, १० मे

अबिगेल,

तुझं कालचं पत्र सकाळी मिळालं, आणि ते वाचून चष्मा काढते तोच शहाद्याहून भूपेंद्रचा फोन आला. पुण्याच्या साहेबांना कुठल्या मापाचा शर्ट बसेल, असं तो मला विचारत होता. मी म्हटलं, झालंय काय. तर म्हणाला, “बाई, घाबराले सारखं काही नही. साहेब सापडी गयात. फक्त त्यासना कपडा नहीत.”

पुढे त्याने दुकानदाराशी घासाघीस सुरू केली आणि फोन ठेवला.

मी सकाळपासून शेजारच्या दिनाकडून तीन वेळा पाणी मागून प्यायले आहे. सगळं लिही. कपड्यांपासून सुरुवात केलीस तरी चालेल.

आत्या

—

तोरणमाळ,
गुरुवार, ११ मे

प्रिय आत्या,

सगळं लिहिते. शेवट वाचून तू रागावणार आहेस, पण क्रमाने वाच.

मंगळवारी साहेब ठरल्याप्रमाणे गेले. थोड्या वेळाने मी सगळ्यांना बोलावून सांगितलं की बोरसे साहेब हरवले आहेत, शोधा. इलानने लगेच ताबा घेतला. सगळ्यांना रांगेत उभं केलं, नकाशा काढला, गट पाडले, गटांना नावं दिली. मग ते हाका मारत निघाले. मीही मागून निवांत गेले, कारण साहेब कुठे आहेत ते मला माहीत होतं.

चौथऱ्यामागे साहेब नव्हते.

मी आजूबाजूला पाहिलं, हाक मारली. तलावाच्या कडेला त्यांचा एक बूट दिसला. पाणी शांत होतं. मी धावत परत आले आणि सगळ्यांना ओरडून सांगितलं की सराव थांबला, साहेब खरंच सापडत नाहीत.

कुणीही विश्वास ठेवला नाही. इलान तर खूश झाला. म्हणाला, ताई, हे फार छान जमलंय, खरं वाटतंय. त्यांना वाटलं की माझं घाबरणंही सरावातलंच. मी जितकं ‘खरं सांगते’ म्हणावं तितकं ते हसत. एकाने टाळ्याही वाजवल्या.

रिबेका जवळ आली. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, “ताई, तुमचे हात गार पडलेत. हा सराव नाही.”

मग ती वळली आणि इतक्या खालच्या आवाजात बोलली की सगळ्यांना गप्प बसून ऐकावं लागलं. पोहता येणाऱ्या दोघांना तिने काठीने पाणी चाचपत तलावाच्या कडेने पाठवलं. बाकीच्यांना म्हणाली, हाका मारू नका, ऐका. इलानला तिने मैदानात एकट्याला थांबवलं, साहेब परत आले तर कुणीतरी हवं म्हणून. त्याचं तोंड एवढंसं झालं, पण थांबला. आणि मला म्हणाली, “आज दुपारचा वर्गही लांबला म्हणून साहेब नीट जेवले नव्हते. भुकेला माणूस वाट चुकला तर जिकडून फोडणीचा वास येईल तिकडे जाईल. पलीकडच्या पाड्यात आज लग्न आहे. चला.”

आम्ही निघालो. उतारावरून ढोल ऐकू येत होता. जरा जवळ गेल्यावर ढोलाच्या मध्ये मध्ये शिट्टी ऐकू आली. मी तिथेच खाली बसले. रिबेकाने मला उठवलं नाही, शेजारी उभी राहिली.

घडलं होतं ते असं. साहेबांना चौथरा फार सोपा वाटला. परीक्षा कडक व्हावी म्हणून ते आपल्या ओळखीच्या दगडांवरून आणखी पलीकडे गेले आणि त्यातला एक दगड निसटून थेट म्हशींच्या चिखलात पडले. एक बूट वाटेतच निघाला होता, तो कुत्र्याने तलावापर्यंत नेला असावा. चिखलाने माखलेले साहेब पाड्यात पोहोचले. कालीबाई पावरा म्हणून आहेत, त्यांच्या मुलीचं लग्न. त्यांनी साहेबांना आंघोळीला पाणी दिलं, कपडे धुवायला घेतले, एक लुंगी दिली, आणि पाहुणा उघड्या डोक्याने कसा बसेल म्हणून लाल फेटा बांधला. नवरीकडच्यांना वाटलं हे नवऱ्याकडचे, नवऱ्याकडच्यांना वाटलं हे नवरीकडचे. दोन्हीकडून त्यांना आग्रह झाला. आम्ही पोहोचलो तेव्हा ते भाकरी आणि उडदाची डाळ संपवून ढोलवाल्यांच्या शेजारी उभे होते आणि शिट्टीने ताल धरत होते.

आम्हाला पाहिल्यावर ते काय करतील असं तुला वाटतं? ढोलाच्या मागे लपले. सराव चालूच होता ना.

रिबेका पुढे गेली आणि म्हणाली, साहेब, सापडलात. तेव्हा ते उठले. फेटा सारखा केला आणि पुण्याचं मराठी विसरून म्हणाले, “मी कोठे गयथू? आठेच ते व्हतू.”

कालीबाईंनी आम्हालाही जेवल्याशिवाय सोडलं नाही. रिबेका म्हणाली, आज न जेवलेल्यांमध्ये आपणही आहोत. परतताना साहेब तिच्याशी बरंच बोलत होते. माझ्याशी मात्र नाही.

आता शेवट. काल भूपेंद्रने आणलेला शर्ट घालून साहेब फाईल घेऊन माझ्यासमोर बसले. एका मुक्कामाच्या कामाला ते अंगावरच्या कपड्यांनिशीच आले होते, आणि हा शर्ट दोन मापं मोठा होता. ते म्हणाले, “हे असं लिहिलं तर मंडळात माझी शोभा होईल आणि तुमचीही. मी ‘सराव समाधानकारक’ एवढंच लिहितो. दोघांचाही विषय संपेल.”

आत्या, तुझं शिबिर माझ्या एका ‘बरं’वर होतं. मला ते म्हणायचंही होतं. शब्द ओठांवर आला होता.

पण मला तो बूट दिसत होता. रविवारी लोक आपली मुलं माझ्या हातात देऊन परत जाणार आहेत. मी म्हटलं, “साहेब, सराव फसला. खरं संकट आल्यावर माझ्या शब्दावर कुणी विश्वास ठेवला नाही, कारण सराव थांबवायची खूण मी आधी ठरवलीच नव्हती. ते लिहा. मुलं यायच्या आत मी ते दुरुस्त करणार आहे, तेही लिहा.”

त्यांनी फाईल मिटली. आज सकाळी चहा न घेता गेले.

आम्ही खूण ठरवली आहे. निर्मलाबाईंची परात वाजली की सराव संपला, पुढचं सगळं खरं. आज तीनदा करून पाहिलं. पण मला वाटतं मी तुझं शिबिर घालवलं. काकांना तू सांगणार की मी सांगू?

अबिगेल

—

ठाणे,
मंगळवार, १६ मे

अबिगेल,

इतके दिवस उत्तर नाही म्हणून तू काय काय समजली असशील, ते मला दिसतंय. रागावले नव्हते. मंडळाकडून काय येतंय ते हातात पडल्याशिवाय तुला धीर देणं मला खोटं वाटलं. तू एवढं खरं बोलून बसलीस, आता मी काय खोटं बोलू?

काल आलं. संध्याकाळी ट्रस्टची माणसं माझ्याकडेच जमली, कारण मला उतरता येत नाही. बेंजामिनने घसा साफ करून अहवाल मोठ्याने वाचायला घेतला. बोरसे साहेबांनी सगळं लिहिलंय. चौथरा सोपा वाटल्याने परीक्षकांनी ठरलेली जागा कुणालाही न कळवता बदलली, ही परीक्षकांची चूक. सराव थांबवण्याची खूण नव्हती, ही शिबिरप्रमुखांची चूक, जी त्यांनी स्वतः नोंदवायला लावली. पुढे लग्नाचा मजकूर सुरू झाला. फेट्यापर्यंत बेंजामिनने कसंबसं नेलं. ढोलाच्या मागे लपण्याशी त्याचा आवाज गेला, त्याने कागद माझ्याकडे दिले आणि रुमालाने डोळे पुसत बसला. त्याला इतकं हसताना मी त्याच्या लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं.

मान्यता मिळाली आहे. एका वर्षापुरती. अटी तीन. सराव दर हंगामात मुलं येण्यापूर्वी करावा. वाळूच्या बादलीतून मांजर हलवावे. आणि यापुढे कोणत्याही शिबिरात परीक्षकाने हरवलेल्या व्यक्तीची भूमिका करू नये. ही शेवटची अट त्या माणसामुळे आता मंडळाने सगळ्यांनाच लावली म्हणे.

खाली त्यांनी हाताने एक ओळ लिहिली आहे: ‘येथील लोक हरवलेल्या माणसाला दोष देण्याआधी त्याने जेवण केले का ते विचारतात.’ आणि रिबेका गावित यांच्याकडे पुढाऱ्याचे गुण आहेत असंही. बेंजामिन म्हणाला, ही रिबेका कुणाची, आपल्या कुठल्या घरातली? मी म्हटलं, नवापूरच्या गावितांची. तो म्हणाला, हो हो, ऐकलंय. आज सकाळी मी त्याला फोन करून सगळं सांगितलं. मग म्हणाला, पुढच्या वर्षी तिला आधीच विचारून ठेवा, आणि हे मी म्हटलं असं अबिगेलला सांगू नका. म्हणून तुला सांगते आहे.

बूट पाहून तू जशी घाबरलीस, तशीच घाबरत राहा. मला एवढंच हवं होतं.

मुलं आली का? नीट जेवतात का?

आत्या

—

तोरणमाळ,
रविवार, २१ मे

प्रिय आत्या,

तुझं पत्र मी निर्मलाबाईंना वाचून दाखवलं. मांजराची अट त्यांना अन्यायाची वाटली. पिल्लं आता लाकडाच्या वखारीत आहेत आणि मुलांनी त्यांना इस्रायलच्या बारा वंशांची नावं द्यायचं ठरवलंय, पण पिल्लं चारच असल्यामुळे भांडणं चालू आहेत.

मुलं जेवतात. तोरणमाळला शब्बाथ कसा होईल असं मला वाटत होतं. शुक्रवारी दिवे लावले, मनुकांचं सरबत केलं, आणि पेणची जुळी भावंडं आणि पुण्याचा मुलगा एकाच गाण्याच्या तीन वेगळ्या चाली म्हणत होते. कुणीच थांबेना. रिबेकाने चौथी चाल सुरू केली.

गुरुवारची गोष्ट सांगते. खेळाच्या वेळी मोजणी केली तर तमार नव्हती. आठ वर्षांची, ठाण्याची, पहिल्यांदाच घरापासून लांब. या वेळी मी एकदाच म्हटलं, आणि कुणी हसलं नाही. गटप्रमुख आपापल्या दिशांना गेले, हाका न मारता. बाकीच्या मुलांना रिबेकाने गोष्ट सांगायला बसवलं. मी तलावाकडे गेले. काठीने कडेचं पाणी चाचपत गेले.

इलानला ती सापडली. स्वयंपाकघराच्या मागच्या पडवीत निर्मलाबाईंनी भुईमुगाच्या शेंगांचा ढीग घातला होता, तिथे बसून शेंगा सोलत होती. निर्मलाबाईंना वाटलं आम्हीच पाठवलंय. इलान दारात आला तेव्हा ती मान खाली घालून त्याला म्हणाली, की मला खेळायचं नाहीये, मला आईची आठवण येते, कुणाला सांगू नको.

आपला इलान, आत्या. त्याने शिट्टी वाजवली नाही, ओरडला नाही, उचलून आणलं नाही. तिच्याशेजारी मांडी घातली आणि शेंगा सोलायला लागला. निर्मलाबाईंना डोळ्याने खूण केली. त्या पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि मी सापडेपर्यंत त्या जाड शरीराने चक्क पळाल्या. म्हणाल्या, “पोर मन्हाकडे शे. इलान बसेल शे तिन्हाजोडे.”

तमार सापडल्याचं सगळ्यांना कळवायलाही परातच वाजवायची होती, पण तिच्या लक्षात येऊ नये म्हणून मी वाजवू दिली नाही. एकेकाला हळूच गाठून सांगितलं. सगळे परत आले, चेंडू पुन्हा फिरू लागला. मी पडवीच्या कोपऱ्यावरून पाहिलं. इलान तिला सांगत होता की पहिल्या वर्षी अलिबागला तोही तीन दिवस रडला होता. तिने त्याला विचारलं की चौथ्या दिवशी काय झालं. तो म्हणाला, चौथ्या दिवशी मासे होते.

जेवणाच्या घंटेला ती स्वतःच उठून आपल्या गटात जाऊन बसली. शेंगदाण्यांची उसळ मी केली, असं सगळ्यांना सांगत होती.

तिला अजूनही माहीत नाही की ती हरवली होती.

तुझी,
अबिगेल